सॅम्पल फ्लॅट न बांधता घर दाखवायचं होतं: अनरियल इंजिन की ट्विनमोशन, आम्ही कसं ठरवलं

अनरियलसारखं गेम इंजिन, म्हणजे व्हिडिओ गेम बनवायचं सॉफ्टवेअर, शिकायचं की ट्विनमोशनसारखं आर्किटेक्चरवाल्यांसाठी बनवलेलं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं, हा प्रश्न आमच्या ऑफिसात आला तो हौस म्हणून नाही, कामातून आला. नाशिकमध्ये आमचं छोटं ऑफिस आहे. मी आर्किटेक्ट, पार्टनर इंटिरियर बघतो, हाताशी दोन ज्युनियर, आणि वर्षानुवर्षं बसलेली एकच पद्धत, ऑटोकॅडमध्ये प्लॅन, स्केचअपमध्ये मॉडेल, व्ही-रेमध्ये रेंडर, म्हणजे मॉडेलवरून फोटोसारखं चित्र, रात्री मशीन लावून घरी जायचं आणि सकाळी आलं की इमेज तयार. एलिव्हेशनचे दोन व्ह्यू, हॉल, किचन, मास्टर बेडरूम, वरचं टेरेस गार्डन, ब्रोशर छापायला गेलं की विषय संपला.

यावेळी आमचे एक बिल्डर क्लायंट, ज्यांना सगळे भाऊच म्हणतात, ते म्हणाले, मॅडम, या प्रोजेक्टला सॅम्पल फ्लॅट बांधत नाही, काम अजून प्लिंथलाच, म्हणजे जोत्यालाच आहे आणि रेरा नोंदणीचा नंबर आला की बुकिंग सुरू करायचंय. गिऱ्हाईक साईट ऑफिसात येईल, तिथे मोठा टीव्ही लावतो, त्याच्यावर त्याला घरात फिरता आलं पाहिजे, टाइल बदलून बघता आली पाहिजे, ओट्याचा दगड बदलून बघता आला पाहिजे. व्हिडिओ नको, व्हिडिओ सगळेच दाखवतात.

हे व्ही-रेमध्ये होत नाही आणि का होत नाही ते आधी नीट समजून घेतलं पाहिजे, कारण निम्मे लोक इथेच गोंधळतात. व्ही-रे, कोरोना ही रेंडरची सॉफ्टवेअरं प्रकाशाचा एकेक किरण कुठून कुठे उसळतो त्याचा हिशेब करतात, एका इमेजला काही मिनिटांपासून काही तासांपर्यंत वेळ लागतो, आणि म्हणूनच ती इमेज इतकी छान दिसते. पण समजा एका मिनिटाचा वॉकथ्रू, म्हणजे घरातून फिरवणारा व्हिडिओ करायचाय, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १५०० इमेज, एकेक इमेज १० मिनिटांत झाली तरी २५० तास, आणि एवढं करून गिऱ्हाईक म्हणालं की मला जरा त्या खिडकीपाशी न्या, तर नेता येत नाही. रिअलटाइम म्हणजे सेकंदाला तीस ते साठ इमेज तिथल्या तिथे तयार करायच्या, एका इमेजला साठाच्या हिशेबाने सोळा-सतरा मिलिसेकंद मिळतात. त्यात सगळा हिशेब खरा खरा करणं शक्य नाही, म्हणून अंदाज आणि क्लृप्त्या वापरायच्या. गेमवाल्यांनी हे अंदाज कित्येक वर्षं घासून घासून इतके चांगले केलेत की आता आपल्यालाही ते चालतात, एवढीच गोष्ट आहे.

मग यादी काढली. लुमियन, एन्स्केप, डी५ रेंडर, ट्विनमोशन ही एक बाजू, अनरियल आणि युनिटी ही दुसरी. एन्स्केप मला स्वतःला आवडतं कारण ते स्केचअप किंवा रेव्हिटच्या आतच चालतं, भिंत हलवली की शेजारच्या विंडोत लगेच हललेली दिसते, डिझाइन करताना त्याच्यासारखं सोयीचं काही नाही. लुमियन २०१० पासून आहे, आपल्याकडे भरपूर ऑफिसांत आहे, झाडंझुडपं माणसं गाड्या टाकून सुंदर व्हिडिओ काढायचा असेल तर शिकायला सोपं. डी५ नवीन आहे, आरटीएक्स ग्राफिक्स कार्डाचा चांगला उपयोग करतं आणि त्याचं फुकट व्हर्जनही आहे. युनिटी आम्ही लवकर बाजूला ठेवलं, एक म्हणजे आमच्यापैकी कोणालाच सी शार्प ही त्याची प्रोग्रॅमिंगची भाषा येत नाही, दुसरं म्हणजे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी दर इन्स्टॉलमागे फी लावायचं जाहीर केलं होतं, ते गेमवाल्यांसाठी होतं आणि वर्षभराने मागेही घेतलं, पण मनात शंका राहिलीच.

राहिले दोन, अनरियल आणि ट्विनमोशन, आणि इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ट्विनमोशन मूळ एका फ्रेंच कंपनीचं, ॲबव्हेंटचं, ते २०१९ मध्ये एपिक या गेम कंपनीने विकत घेतलं, आणि अनरियल तर एपिकचंच. ट्विनमोशनच्या पोटात अनरियलच चालतं. म्हणजे प्रश्न चित्र कुठलं चांगलं हा नाहीच, बऱ्याच ठिकाणी चित्र बनवणारं मशीन एकच आहे, प्रश्न एवढाच की त्या मशीनच्या किती कळा तुमच्या हातात दिल्यात. ट्विनमोशनमध्ये निवडक कळा, नीट लेबल लावून. अनरियलमध्ये सगळ्या, लेबल असो नसो.

पैशाचं बोलायचं तर दोन्हीचा नियम आता जवळपास सारखाच आहे. तुमच्या कंपनीचं वर्षाचं उत्पन्न १० लाख डॉलरच्या खाली असेल, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण साडेआठ-नऊ कोटी रुपये, तर आमच्यासारख्या कामाला दोन्ही फुकट. त्याच्या वर असाल तर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या दरांप्रमाणे ट्विनमोशनला एका सीटला वर्षाला ४४५ डॉलर आणि अनरियलला १८५० डॉलर. गेमवर लागणारी ५ टक्के रॉयल्टी आपल्याला लागू होत नाही, आपण गेम विकत नाही. आमचं ऑफिस त्या रेषेच्या कितीतरी खाली आहे त्यामुळे लायसनच्या पैशाने काहीच ठरलं नाही. ठरलं ते वेळेने आणि माणसांनी.

आम्ही एकच २ बीएचके फ्लॅट घेतला आणि तोच दोन्हीत टाकायचा असं ठरवलं, दोन वेगळे प्रोजेक्ट घेऊन तुलना केली तर काहीच कळत नाही. ट्विनमोशनमध्ये स्केचअपमधून डायरेक्ट लिंकने मॉडेल गेलं आणि त्याच दिवशी संध्याकाळी पार्टनर सोफ्यावर कुशन ठेवत बसला होता. मटेरियल ओढून टाका, झाड ओढून टाका, शहर नाशिक द्या, महिना आणि वेळ सरकवा, ऊन फिरतं. ज्युनियरला मी काहीही शिकवलं नाही, तिचं तीच शिकली. अनरियलमध्ये पहिला बराच वेळ खालच्या कोपऱ्यात शेडर, म्हणजे पृष्ठभाग रंगवणारे छोटे प्रोग्रॅम, कंपाइल होतायत हा आकडा उतरताना बघण्यात गेला, मग डेटास्मिथने, म्हणजे बाहेरचं मॉडेल अनरियलमध्ये आणायच्या सोयीने, फाइल आणली, मग कळलं की इथे एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर, मग कळलं की दिवसाचं ऊन, आकाश, धुकं, एक्स्पोजर म्हणजे चित्राचा उजळपणा, हे सगळं वेगवेगळं आहे आणि ऑटो एक्स्पोजर चालू असेल तर बाल्कनीकडून आत वळलं की हॉल आधी काळोखा होतो मग हळूहळू उजळतो, जे डोळ्याला खऱ्यासारखं असलं तरी टीव्हीवर गिऱ्हाइकाला बिघाड वाटतो, ते बंद करून एक्स्पोजर हाताने पक्का करायचा. अशा शंभर गोष्टी. एकेक छोटी, पण प्रत्येक आधी शोधावी लागते.

इथपर्यंतचा निकाल सरळ ट्विनमोशनच्या बाजूचा होता आणि मी जवळजवळ भाऊंना तसं सांगणारच होते. पण त्यांची मागणी परत वाचली. टाइल बदलता आली पाहिजे, हे ट्विनमोशनमध्ये करता येतं, पर्याय बदलून दाखवायची सोय त्यात आता आहे. पण आम्ही भाऊंच्या सेल्स टीमबरोबर बसून खरोखर काय काय बदलणार याची यादी केली तेव्हा दिसलं की नुसतं बदलणं नाही, त्याला नियम आहेत. हॉलला चकचकीत टाइल घेतली तरी बाल्कनी आणि बाथरूमला अँटी-स्किडच राहणार. ओट्याला काळा ग्रॅनाइट किमतीत धरलेला, क्वार्ट्झ घेतलं तर वरचे पैसे. ड्राय बाल्कनीला दार हवं की नुसती चौकट. किचनचं प्लॅटफॉर्म एल आकाराचं घेतलं तर फ्रिजची जागा इकडून तिकडे जाते, आणि फ्रिज गेला की त्याचा विजेचा पॉइंट जातो. आणि सगळं निवडून झाल्यावर शेवटी एक यादी दिसली पाहिजे, काय काय निवडलं, काय किमतीत आहे, काय जास्तीचं आहे.

हे इतकं नियमांनी बांधलेलं काम आहे ना, ते आम्हाला गेम इंजिनमध्येच नीट करता आलं. अनरियलमध्ये पर्याय सांभाळणारा व्हेरियंट मॅनेजर आहे आणि ब्लूप्रिंट आहे. ब्लूप्रिंट म्हणजे कोड टाइप न करता डबे आणि तारा जोडून लॉजिक लिहायचं. आमच्या ज्युनियर मुलाला कॉलेजात प्रोग्रॅमिंग कधी आवडलं नव्हतं पण हे त्याला जमलं, कारण तारा कुठून कुठे गेल्या ते डोळ्यांना दिसतं. किचनचा प्रकार बदलला की फ्रिज, त्याच्यामागचा पॉइंट आणि वरचं लॉफ्ट तिन्ही एकदम बदलतात, हे त्याने स्वतः जोडलं. आता शेवटच्या स्क्रीनवर यादी येते आणि सेल्सचा मुलगा मोबाइलने त्याचा फोटो काढून गिऱ्हाइकाला तिथेच व्हॉट्सॲपवर पाठवतो. खूप साधी गोष्ट आहे पण भाऊंना सगळ्यात जास्त हीच आवडली.

आता जे कोणी स्केचअपवरून अनरियलला जाणार असतील त्यांच्यासाठी एक गोष्ट सविस्तर लिहिते, कारण यात आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. अनरियल ५ मध्ये, म्हणजे २०२२ पासून, लुमेन नावाची प्रकाशव्यवस्था आहे. आधीच्या पद्धतीत लाइट बेक करायला, म्हणजे उजेडाचा हिशेब आधीच करून वस्तूंवर चिकटवून ठेवायला लागायचा, प्रत्येक वस्तूचं लाइटमॅप बनवा, तासन्‌तास बिल्ड चालवा, मग दिवा हलवला की परत सगळं. लुमेनमध्ये ते नाही, खिडकी मोठी केली की खोली लगेच उजळते. तर आमचा फ्लॅट आत टाकला, बेडरूमचे दिवे बंद केले, पडदे ओढले, आणि खोलीच्या कोपऱ्यात, जिथे छत आणि भिंत भेटतात तिथे, बारीक उजेडाची रेघ. स्कर्टिंगच्या वरही तशीच. जणू भिंतीला फट आहे. स्केचअपमध्ये झूम करून बघितलं तर फट कुठेच नाही.

कारण असं आहे की लुमेन सॉफ्टवेअर मोडमध्ये किरण फिरवतं ते तुमच्या खऱ्या मॉडेलवर नाही, त्याच्या एका ढोबळ प्रतिकृतीवर, डिस्टन्स फील्ड म्हणतात त्याला. त्या ढोबळ प्रतिकृतीत पातळ गोष्टी हरवतात. एपिकच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की भिंत १० सेंटिमीटरपेक्षा पातळ ठेवू नका. आणि व्हिज्युअलायझेशनसाठी मॉडेल करताना सगळीकडे पद्धत काय असते, आतून दिसणारा फेस तेवढा काढायचा, छत म्हणजे एक नुसता पृष्ठभाग, जाडी शून्य. व्ही-रेला ते चालतं. लुमेनला नाही. दुसरं म्हणजे अख्खी खोली एकाच ग्रुपमध्ये, एकच मेश, म्हणजे एकच सलग वस्तू. लुमेन प्रत्येक मेशभोवती काही पृष्ठभागांची नोंद करून ठेवतं, आणि खोलीची खोली एका मेशमध्ये असेल तर आतल्या कित्येक बाजूंची नोंदच होत नाही. एडिटरमध्ये सरफेस कॅशचा, म्हणजे या नोंदींचा, व्ह्यू लावला की न पकडलेला भाग गुलाबी दिसतो, आमचा अर्धा हॉल गुलाबी होता.

उपाय काय, तर साईटवर जसं बांधतात तसं मॉडेल करायचं. आतली भिंत चार इंची वीट, दोन्हीकडे प्लास्टर, म्हणजे बारा-तेरा सेंटिमीटर झालीच. स्लॅब पाच इंच. बाहेरची सहा इंची. प्रत्येक भिंत वेगळी, स्लॅब वेगळा, फ्लोअरिंग वेगळं. मॉडेल पुन्हा तसं काढलं आणि उजेडाची रेघ गेली, गुलाबीही गेलं. मला यात मनापासून आनंद झाला, कारण मी कॉलेजपासून ज्युनियर मुलांना सांगत आले की भिंत काढताना तिची जाडी डोक्यात ठेवा, आणि इथे एक गेम इंजिन तेच मागत होतं. आता आमच्याकडे सगळी मॉडेल्स अशीच होतात, ट्विनमोशनला जाणारी सुद्धा, आणि त्याचा फायदा असा की वर्किंग ड्रॉइंगशी मॉडेल ताडून बघता येतं, लॉफ्ट किती खोल आहे ते चुकलं असेल तर तिथेच सापडतं. उलटे फेस, म्हणजे मागची बाजू समोर आलेले पृष्ठभागही आधीच सरळ करून घ्या, स्केचअपमध्ये मोनोक्रोम लावून बघा, निळसर-करडं दिसेल ते उलटं.

आता ज्या मुद्द्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो. खोली मोठी दाखवणं. स्टिल रेंडरमध्ये सर्रास वाइड लेन्स लावतात, दहा बाय अकराची बेडरूम हॉटेलच्या सुइटसारखी दिसते, आणि बघणाऱ्याला ते समजत नाही कारण तो चित्रात फिरू शकत नाही. अनरियलमध्ये कॅमेऱ्याचा डिफॉल्ट अँगल ९० अंशाचा असतो, गेममध्ये आजूबाजूला बघायला तो बरा, पण घर बघायला ठेवला तर समोरची भिंत उगाच लांब जाते. सेल्स टीमला अर्थातच तो आवडला. आम्ही तो कमी करत करत साठ-पासष्टच्या आसपास आणला आणि डोळ्यांची उंची १५५ सेंटिमीटर ठेवली, आणि पलंग, कपाट खऱ्या मापाचं ठेवलं, क्वीन साइज म्हणजे पाच बाय साडेसहा फूटच. मग दिसतं की पलंग ठेवल्यावर कपाटाचं दार उघडायला किती जागा उरते. भाऊंना मी स्पष्ट सांगितलं की हे असंच राहणार, लोक आयुष्याची कमाई लावतात आणि वीस-वीस वर्षं हप्ते भरतात, त्यांना ताबा घेताना धक्का बसला नाही पाहिजे. भाऊंनी थोडा विचार केला आणि हो म्हणाले, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

यात कायद्याचाही भाग आहे आणि व्हिज्युअलायझेशन करणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरात, माहितीपत्रक किंवा मॉडेल फ्लॅट बघून कोणी पैसे भरले आणि त्यातली माहिती खोटी निघून त्याचं नुकसान झालं तर प्रमोटरला, म्हणजे बिल्डरला, भरपाई द्यावी लागते, आणि ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. टीव्हीवर फिरून दाखवलेलं घर मी तरी त्याच नजरेने बघते. म्हणून आमच्या ॲपमध्ये प्रत्येक वस्तूवर बोट ठेवलं की 'किमतीत समाविष्ट', 'जास्तीचे पैसे' किंवा 'फक्त सजावटीसाठी' असं येतं. सोफा, पडदे, झुंबर, टीव्ही युनिट हे सगळं सजावट, आणि एक बटण आहे जे दाबलं की सजावट सगळी गायब होते आणि ताबा मिळेल तसा फ्लॅट दिसतो, पांढऱ्या भिंती, टाइल्स, ओटा, दारं, खिडक्या, बस. कार्पेट एरियाही तिथेच दाखवतो, रेराच्या व्याख्येप्रमाणे, म्हणजे आतल्या भिंती धरून पण बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून. ते रिकाम्या फ्लॅटचं बटण लोक खूप वापरतात असं सेल्सचा मुलगा सांगतो, विशेषतः बायका, आणि मग त्या उभं राहून बोलतात की इथे देवघर बसेल का, वॉशिंग मशीन कुठे येईल.

ऊन. हे दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये छान होतं, अक्षांश-रेखांश द्या, टाइम झोन साडेपाच द्या, झालं. पण आपल्याकडच्या आर्किटेक्टने ते समजून दाखवावं. नाशिक २० अंश उत्तरेला आहे, साधारण २० मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. उत्तरेच्या खिडकीत कधीच ऊन येत नाही असं जे आपण सरसकट बोलतो ते आपल्या अक्षांशावर खरं नाही. आम्ही स्लायडरवर चार दिवस पक्के ठेवलेत, संक्रांतीच्या सुमाराचा, मार्चमधला, मे अखेरचा आणि दिवाळीचा. पश्चिमेची बाल्कनी असलेल्या फ्लॅटला मे महिन्यात चार वाजता हॉलमध्ये कुठपर्यंत ऊन शिरतं ते सरळ दिसतं. एका काकांनी ते बघून पूर्वेचा फ्लॅट घेतला. भाऊंचं काही बिघडलं नाही, पश्चिमेचा दुसऱ्या कोणीतरी घेतलाच, त्यांना संध्याकाळचं ऊन हवं होतं.

झाडांचं थोडक्यात सांगते. तयार लायब्ऱ्यांमध्ये बीच, मेपल, पाइन भरपूर, ते नाशिकच्या सोसायटीत लावले की साईटवरचा माळीसुद्धा ओळखतो की हे इथलं नाही. कडुनिंब, बहावा, नारळ, कुंडीतली तुळस यांची मॉडेल्स वेगळी घेऊन टाकली. तो खर्च धरून ठेवा.

आता साईट ऑफिस, जिथे पुष्कळांचं गणित फसतं. आमच्या ऑफिसातल्या १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० वर सगळं मस्त पळतं. साईट ऑफिसातल्या पीसीवर टॅली आणि एक्सेल चालतं, ग्राफिक्स कार्डच नाही. अनरियलची एक्झे फाइल तिथे चालणार नाही हे पहिल्या मीटिंगमध्येच क्लायंटला सांगून टाकायचं आणि वेगळ्या मशीनचे आणि यूपीएसचे पैसे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहायचे. पिक्सेल स्ट्रीमिंग म्हणून एक प्रकार आहे, मशीन सर्व्हरवर चालतं आणि चित्र ब्राउझरमध्ये येतं, मोबाइलवरही चालतं, पण एकाच वेळी जितके लोक बघणार तितका ग्राफिक्स कार्डचा खर्च वाढतो, आणि साईटवरचं इंटरनेट मोबाइल हॉटस्पॉटचं. आम्ही तो नाद सोडला. लांबच्या लोकांसाठी, पुण्या-मुंबईला किंवा दुबईला असलेल्या मुलांसाठी, ट्विनमोशनमधून ३६० पॅनोरमा काढून लिंक दिली, आईवडील साईटवर फिरतायत आणि मुलगा तिकडून फोन फिरवून तीच खोली बघतोय, हे पुरतं.

फिरण्याची पद्धतही बदलावी लागली. गेमचा कंट्रोलर ठेवून बघितला, तरुण मुलं पटकन फिरतात, पण पन्नाशीच्या पुढचे लोक भिंतीत तोंड खुपसून अडकतात आणि मग संकोचतात, रिमोट मुलाच्या हातात देतात, आणि ज्यांना स्वयंपाकघर बघायचंय त्यांनाच ते नीट बघता येत नाही. म्हणून चालणं काढून टाकलं. जमिनीवर गोल ठिपके ठेवले, ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथे जाऊन उभं राहायचं, आणि खाली मोठी बटणं, हॉल, स्वयंपाकघर, मोठी बेडरूम, बाल्कनी. टचवाला टीव्ही घेतला. आता कोणाला शिकवावं लागत नाही.

बटणं मराठीत करायची हा माझा आग्रह होता. त्यात एक अडचण आली ती लिहून ठेवते, कोणालातरी उपयोगी पडेल. अनरियलमध्ये थ्रीडी जागेत ठेवायचं टेक्स्ट रेंडर वापरलं तर जोडाक्षरं जोडली जात नाहीत, 'स्वयंपाकघर'चा स सुटा, व सुटा, मध्ये हलंत, वेलांट्या भलतीकडे. विजेटमध्ये, म्हणजे स्क्रीनवरची बटणं बनवायच्या यूएमजी या भागात, नोटो सॅन्स देवनागरी फॉन्ट टाकून तेच लिहिलं की अक्षरं व्यवस्थित जुळतात. म्हणून खोलीत तरंगणारी लेबलंसुद्धा आम्ही विजेटचीच केली. एवढंच करायचं असतं, पण हे माहीत नसलं तर माणूस वैतागून इंग्रजी बटणं ठेवतो.

मग शेवटी ठरलं काय. रोजच्या कामाला, म्हणजे डिझाइन दाखवणं, ब्रोशरच्या इमेज, एलिव्हेशनचे रंग, व्हिडिओ, पॅनोरमा, सगळं ट्विनमोशन. व्ही-रे फक्त होर्डिंगवर जाणाऱ्या एक-दोन इमेजसाठी ठेवलंय. अनरियल फक्त तेव्हा, जेव्हा आम्ही समोर नसताना बघणारा माणूस स्वतः निवड करणार आहे आणि त्या निवडीला नियम आहेत. मी आता क्लायंटला पहिला प्रश्न हाच विचारते, हे चालवणार कोण, आणि मी तिथे नसताना तो माणूस काय काय दाबणार? उत्तर 'आम्ही तुम्हाला बोलावू, तुम्ही दाखवा' असं असेल तर अनरियलचं नाव काढत नाही, चौपट वेळेचं बिल त्याच्या माथी मारण्यात अर्थ नाही. फोटो किती खरा दिसतो यावरून जे ठरवतात त्यांना माझं सांगणं आहे की गिऱ्हाईक दोन मिनिटांत चित्राला सरावतं, मग ते मापं बघतं, ऊन बघतं आणि किंमत विचारतं.

दोन्ही एकत्र चालतात हेही लक्षात ठेवा. ट्विनमोशनची फाइल अनरियलमध्ये आणण्यासाठी डेटास्मिथचं प्लगइन आहे, मटेरियल्स, झाडं सकट बरंचसं येतं, त्यामुळे सुरुवात ट्विनमोशनमध्ये करून, डिझाइन पक्कं झाल्यावर गरज असेल तरच पुढे न्यायचं. पक्कं झाल्यावर, हा शब्द महत्त्वाचा. डक्टची जागा सहा इंच सरकली तर ट्विनमोशनमध्ये लिंक रिफ्रेश केली की झालं. अनरियलमध्येही डेटास्मिथने परत इम्पोर्ट होतं आणि बदललेली मटेरियल्स टिकतात, पण ठिपके, बटणं, व्हेरियंट सगळं एकेक करून तपासावं लागतं, आणि तो वेळ कोणी धरत नाही. आता आमच्या करारात तारीख लिहिलेली असते, त्या तारखेनंतर प्लॅन बदलला तर तपासणीचे पैसे वेगळे.

भाऊंच्या पुढच्या विंगमध्ये ३ बीएचके जास्त आहेत. तिथे आम्ही फक्त दोन टाइप अनरियलमध्ये करतोय, कारण निवडीचे पर्याय तेवढ्यातच आहेत, बाकीचे फ्लॅट, लॉबी, पार्किंग, टेरेस सगळं ट्विनमोशनचे पॅनोरमा. ज्युनियर मुलगा सध्या ताबा मिळेल तशा फ्लॅटमध्ये प्रत्येक स्विचबोर्ड वर्किंग ड्रॉइंगप्रमाणे बसवतोय, लोकांनी तेच सगळ्यात जास्त विचारलं होतं, पलंगाशेजारी चार्जिंगचा पॉइंट आहे का.